ऑगस्टात बाल्देमारला

बाल्देमार, २२ एप्रिल १९८४

सेल्सा,

मार्चात पोरीला घेऊन गेलीस त्याला महिना उलटून गेला, आणि आलं काय, तर चार ओळींचं कार्ड. त्यावर डोंगराचं चित्र. डोंगर घेऊन मी काय करू? नोएला जेवते का, झोपते का, तिथली थंडी तिला बाधली का, यातलं एक अक्षर नाही त्यात.

तू आई आहेस, हक्क तुझाच. तू आणि रामिरो, दोघं नवराबायको, हिवाळ्यात येता, सुट्टीवरच्या पाहुण्यासारखे राहता आणि परत स्वित्झर्लंडला जाता, तेव्हा मी कधी तोंड उघडलं नाही. या वेळी पोरीला उचलून नेलीत तेव्हाही नाही उघडलं. पण आठ वर्षं जी माझ्या कुशीत झोपली तिच्याविना घर खायला उठतं गं. काल सवयीने तिची बशी मांडली आणि मग मांजराला त्यात दूध दिलं.

इथली बातमी म्हणजे आपल्या किनाऱ्याला आता सरकार लाभलंय. वाळूच्या टेकड्यांभोवती दोऱ्या बांधल्यात, पाटी लावलीय की इथे चिखल्या पक्षी अंडी घालतात, आवाज करू नका. आणि राखणदार कोण, तर आपला अमान्सिओ! डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. जन्मभर ज्याने कोंबड्या चोरल्या तो आता पाखरं राखतो. मी म्हटलं, "काय रे, अंडी मोजून ठेवलीस ना, का नाश्त्याला गेली?" तर म्हणतो, "हेर्मितास बाई, हळू बोला, पक्षी दचकतात."

ऑगस्टात पौर्णिमेनंतर मोठी ओहोटी आहे. तोवर पिल्लं उडून गेलेली असतील आणि दोऱ्या सुटतील. तुम्ही तेव्हा या. मी अमान्सिओला सांगून ठेवलंय की माझी भाची त्या वाळूवर हवं तिथे धावेल आणि तू मध्ये यायचं नाहीस.

आणि नोएलाला सांग, शाळेबद्दल मावशीला लिही.

हेर्मितास


बील, ११ मे १९८४

ताई,

रागावू नकोस. हॉटेलच्या धुलाईघरातून आले की हातच उचलत नाही, पत्र कसलं लिहिणार. आम्ही मजेत आहोत. रामिरोचं बांधकामाचं काम चालू आहे. नोएलाला शाळा आवडली. जर्मन तर पटापट बोलते. मुली चांगल्या आहेत वर्गातल्या.

ऑगस्टात बांधकामाला सुट्टी असते तेव्हा नक्की येऊ. तिला किनाऱ्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. रोज विचारते, किती दिवस राहिले.

एक सांगायचं होतं. पाकिटावर फक्त माझं नाव घालत जा, नोएलाचं नको. इथला पोस्टमन गोंधळतो.

सेल्सा

(सोबत नोएलाची चिठ्ठी)

प्रिय मावशी, माझी शाळा छान आहे. मी आता खूप शहाणी झालेय. मला फरशी न वाजवता चालता येतं. कुठली फळी बोलते आणि कुठली बोलत नाही ते मला पाठ आहे. शिंक आली तर उशीत शिंकते. खिडकीतून एक झाड दिसतं, पण पडद्याच्या फटीतूनच बघायचं असतं. मावशी, ऑगस्टात किनाऱ्यावर ओरडता येईल का? मोठ्याने? का पाखरं असतील? तुझी नोएला.


बाल्देमार, २८ मे १९८४

सेल्सा आणि माझी शहाणी नोएला,

वाचून हसू का रडू कळेना. उशीत शिंकते म्हणे! स्विस लोकांनी माझ्या पोरीची बाई करून टाकली. इथे होती तेव्हा हिच्या शिंकेने मांजर पळायचं. अगं नोएला, एवढा शिष्टपणा बरा नव्हे. लग्नाला उभी राहिलीस की काय?

आणि सेल्सा, पोस्टमन गोंधळतो हे नवीनच ऐकते. तिथे म्हणे घड्याळंसुद्धा चुकत नाहीत. बरं, तुझी मर्जी, घालते तुझं एकटीचं नाव.

नोएला, ऐक. परवा चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या खणून येताना दोरीपाशी मी थांबले. चिखल्याचं पिल्लू होतं, अक्रोडाएवढं. वर घार आली तशी त्याच्या आईने एकदाच शीळ घातली आणि ते पिल्लू वाळूत चपट झालं. मी तिथेच उभी होते, तरी मला ते दिसेना. हललं नाही की दिसत नाही. घार गेली. तरी ते उठेना. आई तोंडाने हाका मारतेय, हे आपलं तसंच पडून. अमान्सिओ म्हणाला, काही पिल्लं अशीच पडून राहतात, मग भरती येते आणि नेते. मी म्हटलं, तुझ्या तोंडात माती.

हो गं, ओरडता येईल. मोठ्या खडकाच्या पलीकडे वाट्टेल तेवढं ओरड. तुला एकटीला लाज वाटली तर मीही ओरडेन. माझा गळा अजून शाबूत आहे, हवं तर साऱ्या गावाला विचार.

सोबत एक वस्तू पाठवतेय. आमच्या आईची शिंपल्यांची जोडी. सणाला गाताना मी पाठीला पाठ लावून घासते ते तू पाहिलंयस, पण त्यांचं खरं काम वेगळंच आहे. ओहोटीला दूरवर खणत असताना धुकं उतरलं की आम्ही बायका हेच घासतो, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं आणि सगळ्या किनाऱ्याला लागतात. फार गप्प झालीयस तू. रोज थोडं वाजव. म्हणजे हात बसेल, आणि ऑगस्टात मी पाण्याकडून हाक मारेन तेव्हा तू वाळूवरून वाजवून उत्तर दे.

मावशी


बील, १४ जून १९८४

ताई,

पुन्हा असलं काही पाठवू नकोस. अजिबात नको. इथे भिंती पातळ असतात, खालची बाई वर आली होती. तुला काय कल्पना!

ऑगस्टात जमणार नाही. मला रजा नाही. डिसेंबरात बघू.

सेल्सा


बाल्देमार, २८ जून १९८४

सेल्सा,

तीन ओळींत उरकलंस. बरं झालं, डोळ्यांना त्रास नाही.

सान शुआनच्या सणाच्या रात्री साऱ्या गावाने सार्डिन मासे भाजले. मी घरात बसून होते. अमान्सिओ दारात येऊन विचारतो, "भाची कधी येतेय? तिच्यासाठी मी दोरी आतून वळवून वाट केलीय." चोर कुठला, त्यालासुद्धा आठवण आहे. मी त्याला काय सांगू? की माझ्या बहिणीला रजा नाही, आणि आमच्या आईचे शिंपले तिच्या शेजारणीच्या कानाला टोचतात?

मोठी बाई झालीस हो तू. दुसऱ्यांच्या चादरी धुता धुता इतकं नाक वर गेलं? आपण दोघी कुदळ आणि बादली घेऊन त्या चिखलात वाढलो. तेव्हा आपल्या पातळ भिंती नव्हत्या, भिंतच नव्हती एका बाजूला.

खरं काय ते मला ठाऊक आहे. मागच्या जानेवारीत ती पायरीवरून पडली तेव्हा माझ्याकडे धावली, तुझ्याकडे नाही. आणि "आई" म्हणाली मला. तुझं तोंड मी पाहिलं होतं. त्यानंतर दोन महिन्यांत तू तिला घेऊन गेलीस. आता माझ्यासमोर आणायची भीती वाटते तुला. आहे की नाही? असेल तर तसं लिही. रजेचं कारण सांगू नकोस.

हेर्मितास


५ जुलै

प्रिय मावशी,

हे पत्र आईला माहीत नाही. तुझ्या पाकिटाच्या मागे पत्ता होता तो बघून मी लिहिला. खालच्या आजी टपालात टाकतील असं वाटतं. नाही टाकलं तर तू हे वाचणारच नाहीस.

मावशी मी शाळेत जात नाही. मी इथे नाहीच. म्हणजे मी आहे पण कुणाला माहीत नाही. आईबाबांना हंगामाचा परवाना आहे, त्यात मुलगी आणता येत नाही. पोलिसांना कळलं तर तिघांनाही घालवतात आणि बाबांचं काम जातं. अजून दोन हंगाम झाले की मोठा परवाना मिळेल आणि मग मी असेन. म्हणून आई सकाळी बाहेरून कुलूप लावते. मग मी चपला घालायच्या नाहीत, नळ सोडायचा नाही, संडासचं पाणी ओढायचं नाही. कुणी दार वाजवलं किंवा हाक मारली तरी ओ द्यायची नाही. माझं नाव घेऊन हाक मारली तरी नाही. आई घरी आली की आम्ही रेडिओ लावतो आणि मग मी बोलते.

तुझे शिंपले आईने कपाटावर ठेवले होते. मी खुर्चीवर चढून काढले. फक्त एकदाच घासणार होते. पण इतकं छान वाजलं की मी थांबलेच नाही. मग खालच्या आजी आल्या आणि दार वाजवलं. मी पलंगाखाली गेले आणि चिखल्याच्या पिल्लासारखी पडले. त्या काहीतरी म्हणत होत्या, मला कळलं नाही, कारण जर्मन मला येत नाही. त्या गेल्या तरी मी पडून राहिले. आई आली तेव्हा मी तिथेच होते आणि माझा फ्रॉक ओला झाला होता. आईने मला मारलं नाही. ती खूप रडली.

नंतर एक दिवस त्या आजींनी दाराखालून चॉकलेटची चपटी वडी सरकवली. मी ती बराच वेळ बघत बसले. मग खाल्ली. आता त्या रोज येतात. दारापाशी बसून काहीतरी बोलतात आणि जातात. हे पत्र मी तिथूनच बाहेर सरकवणार आहे.

आईला रागवू नकोस. तुझं पत्र वाचून ती नळ सोडून रडली. रजा आहे तिला. पण इथून बाहेर गेलं की मला परत आत आणता येईल का हे माहीत नाही. येताना मी गाडीत सीटखाली होते आणि अंगावर कोट होते. आई म्हणते पुन्हा तसं तिच्याच्याने होणार नाही.

मावशी, धुकं आलं आणि मी ओ दिली नाही तर तू मला शोधशील ना?

नोएला


बाल्देमार, २४ जुलै १९८४

सेल्सा,

मला सगळं कळलंय. कसं कळलं ते विचारू नकोस आणि पोरीला तर मुळीच विचारू नकोस.

मागचं पत्र फाडून टाक. माझ्या जिभेला हाड नाही. तू कुलूप लावून कामावर जात होतीस आणि मी तुला शिष्ट म्हणत होते. आणि त्यावर कळस म्हणजे, जिला श्वाससुद्धा हळू घ्यावा लागतो तिला मी वाजवायला शिंपले पाठवले. आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

पासपोर्ट काढलाय. फोटोत मी तुरुंगातून सुटल्यासारखी दिसते. आपल्या लोकांची बस दर आठवड्याला तिकडे जाते, ७ ऑगस्टला सकाळी बीलला पोचते आणि दुपारी परत निघते. येताना एक तिकीट, जाताना दोन. वाद घालू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा धाकटी बहीण म्हणून ऐक.

ताई


बील, ३० जुलै १९८४

ताई,

वाद घालणार आहे. तू फक्त वाच.

तुला वाटतं मला कळत नाही मी काय करतेय ते? रोज सकाळी किल्ली मीच फिरवते. मशीनपाशी उभी असते आणि मनात एकच, आग लागली तर? चार महिन्यांत मी एकदाही जेवणाच्या सुट्टीत जेवलेले नाही, धावत येऊन दाराला कान लावते. आत काही ऐकू आलं तर जीव जातो आणि नाही आलं तरी जातो.

आणि हो, तू लिहिलंस ते खरं आहे. ती तुला आई म्हणाली त्या दिवशी मी ठरवलं. दर मार्चात मी निघताना ती तुझ्या पाठीआड लपायची, आणि "या हं" म्हणायची, एखाद्या पाहुणीला म्हणावं तसं. मी जन्म दिलेली मुलगी ती, ताई. इथे या खोलीत ती मला आई म्हणते. मी आले की गळ्यात पडते. दिवसभर ती वाट बघते, माझी, दुसऱ्या कुणाची नाही. मला ते हवं होतं. कुलपाआडून का होईना, मला हवं होतं. लिहिलं बघ, आता तू काय म्हणायचं ते म्हण.

गेल्या गुरुवारी दोन माणसं आली. इमारतीत मूल आहे का म्हणून विचारत होती. खालची म्हातारी, जिला मी शिंपले वाजले त्या दिवसापासून शाप देत होते, ती जिन्यात उभी राहिली आणि म्हणाली म्हणे की मूल कुठलं, वर उंदीर झालेत, घरमालकाला कितीदा सांगितलं. मग माझ्याकडे आली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. तिने माझा हात धरला, आत नोएलाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. आता इथे लपवणं नाही, असं. मला कळलं.

ये. घरी नको, थेट बसस्टँडवर. मी तिला घेऊन येते. मी निघू शकत नाही, हंगाम अर्धवट सोडला तर पुढचा परवाना नाही आणि आतापर्यंतचं सगळं वाया. रामिरो रात्रभर पलंगाच्या कडेवर बसून होता. मग म्हणाला, पाठव.

तिला अंडं पूर्ण शिजलेलं लागतं. तुला माहीतच आहे म्हणा. माझ्यापेक्षा जास्त.

सेल्सा


बाल्देमार, १७ ऑगस्ट १९८४

सेल्सा,

पोरगी पोचली ते तार करून कळवलंच. बाकीचं आज लिहितेय, कारण काल जे झालं ते तुला मीच सांगायला हवं.

जेवते बरी. अंडं पूर्ण शिजलेलंच देते. पण घरात चवड्यांवर चालते गं, मांजराला पत्ता लागत नाही. खिडकीपासून लांब बसते. मी म्हटलं, हे आपलं घर आहे, आपट पाय, फोड काहीतरी. तिने एक कप उचलला, बघितला आणि हळूच जागेवर ठेवला.

पहिल्या दिवशी किनाऱ्यावर गेलो. अमान्सिओ दोऱ्या गुंडाळत होता. त्याची पोलिसासारखी टोपी दिसली मात्र, ही वाळूवर पालथी. तो म्हणाला, "पडली वाटतं!" मग त्याच्या लक्षात आलं. बघ, चार महिने त्याने पिल्लंच राखलीत. टोपी काढून खिशात कोंबली आणि पाठ फिरवून दूर जाऊन बसला. माझ्याकडून त्याला आता कोंबड्यांची माफी.

खडकापलीकडे नेलं, म्हटलं ओरड. तिने तोंड उघडलं. काही नाही आलं. मी वेड्यासारखी ओरडले, सीगल उडाले, ती हसली, पण तोंडावर हात ठेवून. म्हटलं, असू दे, किनारा काही कुठे जात नाही.

काल ओहोटीला मी खुबे-तिसऱ्या खणायला लांब गेले. तिला वर वाळूवर, ओंडक्यापाशी, टोपली घेऊन बसवलं. आणि धुकं उतरलं. इतकं की हातातलं दाताळं दिसेना. पाणी फिरलं होतं. मी हाका मारल्या, "नोएला! नोएला!" एकदा डावीकडून वाटायचं, एकदा उजवीकडून, धुक्यात स्वतःचा आवाजही फसवतो. उत्तर नाही. ती शिंपला वाजवेल म्हणावं, तर जोडी कुठे आहे? एक तिच्याकडे, आणि दुसरा तिने बसस्टँडवर तुझ्या कोटाच्या खिशात टाकला होता, हे मला इथे आल्यावर कळलं. एकटा शिंपला कशावर घासणार?

मग मला कळलं ती काय करत असणार. घाबरली असेल, म्हणजे चपट पडली असेल. आणि कुणी नाव घेऊन हाक मारली तरी ओ द्यायची नाही हे तिला पढवलंय. मी जितकी जास्त ओरडत होते तितकी ती जास्त गप्प होत होती. मला कुठला किनारा कळेना, तिला शोधायचं तर सोडच. चूल पेटवायलाही देवाचं नाव न घेणारी मी, काल सगळ्या संतांना नावानिशी बोलावलं. मग मी ओरडायची थांबले. गप्प उभी राहिले.

आणि ती ओरडली. अगं, काय आवाज! मला वाटलं गावात ऐकू गेला असेल. एकच शब्द, पुन्हा पुन्हा.

"आई!"

सेल्सा, मी तुला खोटं लिहू शकले असते. जानेवारीत तो शब्द माझा होता, हे मीच तुला तोंडावर मारलं होतं. पण नंतर तिला कुशीत घेतल्यावर तिने पहिलं काय विचारलं माहीत आहे? "आईला तिथे ऐकू गेलं असेल का गं?" आता सांग, मी खोटं कसं लिहू.

धुक्यात ती हाक ऐकली आणि मी उत्तर दिलं नाही. थोडा वेळ नुसती उभी होते, कारण तुझं पत्र आठवलं, ती हाक माझी नव्हती. मग पाणी गुडघ्याला लागलं आणि मी ओ दिली. तिच्या आवाजावर चालत चालत वाळूला लागले. वाचले म्हण ना, तुझ्या नावावर वाचले.

आज सकाळपासून ती अंगणात ओरडतेय. अमान्सिओ सांगायला आला होता की लांबपर्यंत ऐकू येतं.

रामिरो कामावरून येईपर्यंत तू त्या खोलीत संध्याकाळी एकटी असशील. आता बिनधास्त नळ सोड, आवाज झाकायला रेडिओ नको लावूस. खालच्या आजींना माझ्याकडून खायला वाळवलेले शिंपले पाठवतेय, त्यांच्या भाषेत आभार कसे मानतात ते मला येत नाही. तुझ्या खिशातला शिंपला मात्र जपून ठेव.

मोठ्या परवान्याचं काय करायचं ते तू आणि रामिरो ठरवा, मी मध्ये पडणार नाही. पण डिसेंबरात ये. काल मी तुझ्या वतीने ओ दिलीय. पुढच्या वेळी तुझी तू दे.

ताई